जोडप्यासोबत बसताना: बेळगाव भागातल्या नव्या समुपदेशकांसाठी

“मॅडम, तुम्हीच सांगा, कुणाचं चुकतंय?” जोडप्यांना घ्यायला लागलात की हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात येतोच. नवरा-बायको आपल्या दारात पोहोचतात तोवर त्यांच्या भांडणाचा निवाडा बहुतेक वेळा कुणीतरी आधीच करून टाकलेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अशा वेळी ‘बैठक’ बसते. मुलीचा मामा येतो, मुलाचा काका येतो, गावातला एखादा वजनदार माणूस मध्ये बसतो, चूक कुणाची ते ठरतं आणि दुसऱ्या दिवशी मुलगी नांदायला परत जाते. लोकांना मध्यस्थीचा हाच नमुना ठाऊक असतो. म्हणून मी आपल्या कामासाठी ‘बैठक’ हा शब्द वापरत नाही, ‘भेट’ म्हणते. इथेही तोच शब्द ठेवते.

एकेकट्या माणसांबरोबर काम करताना आपण समोरच्याच्या बाजूने उभं राहायला शिकलेलो असतो. जोडप्यात तीच सवय नडते. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. बायको बोलत होती आणि तिचं म्हणणं खरं होतं. मी मान हलवत राहिले, नवऱ्याला दोन प्रश्न विचारले आणि तेही तिच्याच बाजूचे. तो शांतपणे म्हणाला, “तुमी दोघी बोला, मी भाईर थांबतो.” परत आला नाही. काही महिन्यांनी तीही यायची थांबली. तिची तक्रार खरी होती यात मला आजही शंका नाही. पण मी तिला जे दिलं ते तिला मैत्रिणीकडेही मिळालं असतं. त्या दोघांच्या मधल्या जागेत मी पाऊलच टाकलं नव्हतं.

नातं केंद्रस्थानी ठेवून काम करायचं म्हणजे ती मधली जागा आपली पेशंट. हे जोडप्याला कसं सांगायचं? मी म्हणते, “तुम्ही दोघं दोन बाजूंनी एका दोरीला धरून आहात. मी दोरीकडे बघणार आहे.” काही जण ‘संसार’ हा शब्द वापरतात: तुमचा संसार माझा पेशंट. ऐकायला गोड वाटतं, तरी मी तो टाळते. ‘संसार टिकव’ हे वाक्य आपल्याकडे शतकानुशतकं फक्त बाईला ऐकवलं गेलंय. नात्यावर काम करणं आणि कुठल्याही किमतीत लग्न वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट काम झाल्यावर काही जोडपी समजुतीने वेगळीही होतात, आणि तेव्हाही तुमचं काम झालेलंच असतं.

पायरी १: फोन येतो तेव्हा

फोन कुणाचा येतो ते लिहून ठेवा. बऱ्याचदा तो बायकोच्या भावाचा असतो किंवा नवऱ्याच्या आईचा. त्यांच्याकडून फक्त नंबर घ्या, कहाणी घेऊ नका. मग नवरा आणि बायको, दोघांशी स्वतः बोला, साधारण तेवढाच वेळ. एकाने फोनवर वीस मिनिटं मन मोकळं केलं आणि दुसऱ्याला फक्त वेळ कळवली, तर भेटीआधीच तराजू झुकलेला असतो. तक्रार सुरू झाली की मी म्हणते, “हे दोघांसमोर ऐकायचंय मला, तोवर जपून ठेवा.”

वेळ ठरवताना त्यांच्या आठवड्याचा विचार करा. खानापूर तालुक्यातले आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतले कितीतरी पुरुष गोव्यात कामाला असतात, शनिवारी रात्री घरी येतात आणि सोमवारी पहाटे निघतात. रविवारचे काही तास मोकळे ठेवल्याशिवाय ही जोडपी तुमच्याकडे येऊच शकत नाहीत. बायकांचं येणं मात्र सोपं झालंय. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये बाईला तिकीट नाही, त्यामुळे भाड्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. नवऱ्याशिवाय एकटीने यायच्या भेटीसाठी हे फार मोलाचं आहे.

पायरी २: खुर्च्या, हाका, भाषा

तीन खुर्च्या, तिन्हीत सारखं अंतर. सोबत आलेल्या सासूबाईंना किंवा मेहुण्याला बाहेर बसवा, चहा द्या आणि कधी मोकळे होऊ ते सांगा. त्यांना तुटक वागवलंत तर घरी जाताना रस्त्यातच तुमच्याविषयीचं मत ठरून जातं.

आता हाका. पुस्तकात सापडत नाही म्हणून याबद्दल जरा सविस्तर. नवऱ्याला ‘तुम्ही’ आणि बायकोला ‘तू’ असं आपल्याही तोंडून नकळत जातं, विशेषतः ती वयाने लहान असेल तर. तिथेच दोघांनाही कळतं की या खोलीत कुणाला किती मान. तिला ‘ताई’ म्हणालात की तो आपोआप दाजी होतो आणि तुम्ही तिच्या माहेरचे. तिला ‘वैनी’ म्हणालात की तुम्ही त्याच्या भावकीत जाऊन बसलात. मी सुरुवातीलाच विचारते: “तुम्हाला काय म्हणून हाक मारू?” उत्तर काहीही येवो, दोघांनाही ‘तुम्ही’, आणि दोघांच्याही नावाला सारखाच मान.

भाषेचं तसंच. इथे मराठी-कानडी जोडपी आहेत, घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणारी आहेत, दखनी बोलणारी आहेत. पहिल्या भेटीत विचारा: भांडताना तोंडात कुठली भाषा येते? आणि लाडात कुठली? अनेकदा दोन वेगळी उत्तरं येतात. एकाची भाषा तुम्हाला नीट येत नसेल तर दुसऱ्याला दुभाषा करू नका. ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याच तोंडून ते बोलणं तुमच्यापर्यंत आलं तर त्यात काय गळलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. निदान भावनांचे कानडी शब्द शिकून घ्या. सिट्टू म्हणजे राग, नोवू म्हणजे दुखणं, हेदरिके म्हणजे भीती. आणि एक शब्द खास लक्षात ठेवा: बेजार. मराठीत ‘मी बेजार झालेय’ म्हणजे वैतागलेय, जीव मेटाकुटीला आलाय. कानडीत ‘बेजार’मध्ये उदासी येते, मन दुखावणं येतं. एका भेटीत कानडी माहेर असलेली बायको म्हणाली, “ननगं बेजार आगेती.” मराठी नवऱ्याने ऐकलं ते असं की हिला माझा कंटाळा आलाय. ती सांगत होती की मला वाईट वाटलंय. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्या दिवशी आम्ही बाकी काही केलं नाही, त्या एका शब्दावर पाऊण तास बसलो.

आवाजाचंही सांगते. वडगाव, शहापूर, खासबाग भागातल्या मागावर काम करणाऱ्या घरांत माणसं मोठ्यानेच बोलतात, कारण यंत्रमागाच्या खडखडाटात हळू बोललेलं ऐकू येत नाही. नवखा समुपदेशक त्या आवाजाला राग समजतो. आवाजाच्या पट्टीवरून काही ठरवू नका. तो वर चढल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघा.

पायरी ३: चार भेटींची सुरुवात

अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या जोडप्यांसाठीच्या पद्धतीत एक रचना आहे, ती इथे चांगली चालते. पहिली भेट दोघांची, मग प्रत्येकाशी एकेक एकटी भेट, चौथी पुन्हा दोघांची, आणि तिच्यात तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही मांडायचं. या चार भेटी संपेपर्यंत तुम्हीही बांधील नाही आणि तेही नाहीत. लोकांना हे आवडतं. मुलगी बघायला जावं आणि होकाराची घाई नसावी, तसं.

पहिल्याच भेटीत गुपितांचा नियम सांगा. माझा नियम असा: एकट्या भेटीत तुम्ही मला असं काही सांगितलंत की ज्यावर दोघांचं काम अडेल, तर ते जोडीदारापुढे आणायला मी तुम्हाला मदत करेन, पण तुमच्यासाठी ते लपवून ठेवून काम चालू ठेवणार नाही. याला अपवाद एकच, मारहाण आणि भीती. त्याबद्दल सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय कुठेही जाणार नाही. हे सगळं संमतीपत्रात लिहा, आणि ज्याला वाचता येतं त्याच भाषेत लिहा. मराठी माध्यमात शिकलेल्या बाईपुढे कानडी किंवा इंग्रजी कागद ठेवून सही घेणं म्हणजे संमती नव्हे.

पायरी ४: एकट्या भेटीत भीतीबद्दल विचारणं

ही पायरी कधीही गाळू नका. दोघं कितीही हसतमुख असोत.

‘घरगुती हिंसा होते का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ हेच उत्तर येईल, कारण थपडेला आपल्याकडे कुणी हिंसा म्हणत नाही. साधं विचारा. भांडण तापलं की हात उगारला जातो का? कधी अंगाला लागलंय का? इथे आज जे बोलाल त्याचा घरी गेल्यावर हिशोब द्यावा लागेल का? फोन कोण तपासतं? माहेरी फोन करायचा तर विचारावं लागतं का? पगाराचे, विडीच्या मजुरीचे पैसे कुणाच्या हातात जातात? तुम्हाला त्यांची भीती वाटते का? हेच प्रश्न नवऱ्यालाही विचारा, त्याच क्रमाने.

संतापात दोघांकडून ढकलाढकली होणं आणि एकाने दुसऱ्याला कायम धाकात ठेवणं, यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारात जोडप्याचं समुपदेशन थांबवायचं. तिथे ‘नातं’ मध्ये आणणं म्हणजे मार खाणाऱ्यालाही अर्धा वाटा देणं होय, आणि खोलीत तिने धीर करून उच्चारलेल्या वाक्याची शिक्षा तिला घरी मिळू शकते. थांबवतानाही जपून. ‘तुमच्या बायकोने सांगितलं म्हणून’ असं काही तुमच्या तोंडून जाता कामा नये. मी म्हणते, “माझ्या पद्धतीनुसार आता काही काळ दोघांना वेगवेगळं भेटायचं असतं.” हे खरंच आहे.

मग तिच्याबरोबर बसून मार्गांची माहिती द्या. निर्णय तिचा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीचा नंबर ११२. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा पूर्ण देशाला लागू आहे, आणि त्याच्या कलम २७ प्रमाणे बाई जिथे राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. सीमाभागात याला फार महत्त्व आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडची मुलगी बेळगावात दिली असेल आणि ती माहेरी जाऊन राहिली असेल, तर तिला अर्जासाठी सासरच्या राज्यात यावं लागत नाही. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. हे आकडे पाठ असू द्या. घाबरलेल्या माणसाला ‘बघून सांगते’ म्हणणाऱ्याचा आधार वाटत नाही.

तीव्र व्यसन किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार दिसले तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. गंभीर आजारासाठी धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था जवळ पडते, आणि रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

पायरी ५: घराचा नकाशा काढा

मोठा कागद घ्या आणि दोघांकडून तीन पिढ्यांची माणसं काढून घ्या. आपल्या भागात हे फक्त माहितीसाठी नसतं. मामाची मुलगी करण्याची रीत इथे अजून आहे. अशा घरात सासू ही बायकोची सख्खी आत्या असते आणि सासरा हा आत्याचा नवरा. ही बायको नवऱ्यावर रुसून माहेरी गेली की तिच्या वडलांना जाब विचारायला येते ती त्यांचीच बहीण. नवरा-बायकोचं भांडण आणि बहीण-भावाचं जुनं भांडण, शेताच्या वाटणीसकट, एकाच चुलीवर शिजत असतं. कागदावर रेघा ओढल्या की जोडप्याला ते एकदम दिसतं. एक नवरा नकाशाकडे बघत म्हणाला, “म्हणजे आम्ही दोघं मामाचं आणि आईचं भांडण भांडूलालोय.” तुम्ही दहा भेटींत सांगितलं नसतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

कुटुंबांबरोबर काम करणारे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी त्रिकोणाची कल्पना मांडली: दोघांत ताण वाढला की तिसऱ्याला ओढून तो हलका केला जातो. नकाशावर हे त्रिकोण शोधा. कधी तो तिसरा कोपरा माणूस नसून पैसा असतो. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात जमा होतात, आणि ती बहुतेकदा सासू असते. सुनेला वाटतं, राबते मी. मुलगा मध्ये सापडतो आणि गप्प बसतो. बायको त्या गप्प बसण्यावर चिडते, आणि तुमच्यापुढे तक्रार येते ती ‘हे माझ्याशी बोलत नाहीत’ अशी. बचत गटाचा हप्ता, मायक्रोफायनान्सचं कर्ज, गावची लक्ष्मी यात्रा, हेही असेच तिसरे कोपरे. यात्रा कितीतरी वर्षांनी एकदा येते, पै-पाहुण्यांसाठी हात सैल सोडावा लागतो, कर्ज होतं, आणि यात्रेनंतरच्या महिन्यांत घरोघरी कुरबुरी वाढतात. नकाशाच्या कडेला पैशाच्या वाटाही काढा.

पायरी ६: रहाटगाडगं शोधणं

खरं काम इथून सुरू होतं, आणि नवे समुपदेशक सर्वांत जास्त घाई इथेच करतात.

सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात कॅनडात जोडप्यांसाठी जी भावनाकेंद्रित पद्धत घडवली, तिच्या मुळाशी एक साधं निरीक्षण आहे. जोडपी विषयांवरून भांडतात असं वाटतं, पण भांडणाची चाल दर वेळी तीच असते. बहुतेक घरांत एक जण मागे लागतो आणि दुसरा मागे सरतो. पहिला जितका मागे लागतो तितका दुसरा सरतो, आणि तो सरतो म्हणून पहिला आणखी जोराने लागतो. रहाटाची मडकी जशी एकमेकांना ओढत फिरतात तसं. मी जोडप्यांना हाच शब्द देते, रहाटगाडगं. पुढे ती आपापलं नाव ठेवतात. एका जोडप्याने ‘शनिवार’ ठेवलं होतं.

त्यांचंच उदाहरण घेते. खऱ्या ओळखी पुसण्यासाठी अनेक घरांतले तुकडे त्यात मिसळले आहेत. तो गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात, ती खानापूर तालुक्यातल्या गावात, दोन मुलं, दोन म्हशी आणि गुडघे धरलेल्या सासूबाई. शनिवारी रात्री साडेनऊला तो येतो.

“आठवडाभर पोरं, म्हशी, आईंची औषधं, सगळं मी बघायचं,” ती सांगते. “आणि हे आले की मोबाईल घेऊन आडवे.”

“आल्याबरोबर सुरू हुतंय हिचं,” तो म्हणतो. “चप्पल काढूस्तर यादी. पाणी तरी पिऊ दे की.”

इथे तुमच्या मनात तोडगे गर्दी करतील. यादी रविवारी सकाळी सांगा, मोबाईल बाजूला ठेवा. बोलू नका. तोडगा बरोबर असेलही, पण तो तुमचा आहे, आणि दोन आठवड्यांत विरून जाईल. त्याऐवजी तो शनिवार घरंगळत न नेता पावलापावलाने चाला.

आधी बाहेर काय घडलं आणि अंगात काय झालं ते विचारा: तुम्ही दार उघडलंत, त्यांचा चेहरा दिसला. त्या क्षणी तुमच्या पोटात काय झालं? मग अर्थ विचारा: ते आडवे झाले, तेव्हा तुम्ही स्वतःला काय सांगितलंत? ती म्हणाली, “हेच, की ह्यांना घर म्हणजे लॉज.” थांबा. याच्या खाली अजून एक थर असतो. मी हळू आवाजात विचारलं, “आणि ते खरं असेल, तर तुम्ही कोण ठरता?” बराच वेळ ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली. मग म्हणाली, “कामवाली.” आठवडाभर ती त्याची वाट बघत असते हे त्याने तोवर कधी ऐकलं नव्हतं, कारण ते नेहमी यादीच्या रूपात बाहेर पडत होतं.

मग त्याच्याकडे वळा, तितक्याच सावकाश. “यादी ऐकताना तुम्हाला काय होतं?” “राग येतोय.” “आणि रागाच्या आधी, अगदी पाव मिनिट आधी?” मागे सरणाऱ्या माणसाला याचं उत्तर सुचायला वेळ लागतो, तो द्या. मी मनात वीस आकडे मोजते. तो म्हणाला, “नापास झाल्यासारखं.” सहा दिवस दुसऱ्यांची भांडी आणि साहेबांची बोलणी, आणि घरी येऊन पुन्हा प्रगतिपुस्तक. मोबाईल म्हणजे त्या निकालापासून लपायची जागा होती.

आता महत्त्वाची हालचाल. हे तुमच्यापाशी सांगून थांबू देऊ नका. खुर्ची जरा फिरवायला सांगा: “हे आता त्यांना सांगाल? माझ्याकडे न बघता.” ते अवघडतात. आपल्याकडे नवरा-बायको चारचौघांत एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, आणि काहींनी एकटं असतानाही कधी केलेलं नसतं. डोळ्यांत बघायची सक्ती करू नका, हातांकडे बघून बोललं तरी चालतं. तो म्हणाला, “मी तुला कामवाली समजत न्हाई. मला वाटतंय मी कशातच पुरा पडत न्हाई.” ती काहीच बोलली नाही. पण निघताना त्याची विसरलेली पिशवी तिने उचलून घेतली.

तोडगा नंतर आला, आणि त्यांचाच. चोर्ला घाट चढताना रेंज जाते, म्हणून घाट लागण्याआधी तो फोन करतो आणि एवढंच म्हणतो की निघालोय. पहिला अर्धा तास यादी नाही. रविवारी चहानंतर यादी, आणि ती वाचायची त्याने.

भांडण खोलीतच पेटलं तर

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी सिॲटलमध्ये जोडपी भांडत असताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाचं ऐकणंच बंद होतं, आणि शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात. म्हणून अशा वेळी समजावत बसू नका. थांबवा, पाणी द्या, पाय जमिनीवर टेकवायला सांगा. घरासाठी नियम असा की उठून जाणाऱ्याने परत कधी येणार ते सांगून जायचं. गोठा, गच्ची, देवळाचा कट्टा, काहीही चालेल. दारूचं दुकान चालणार नाही.

गॉटमन यांनी नात्याला पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या: टीका, तुच्छता, स्वतःचंच समर्थन, आणि भिंतीसारखं गप्प होणं. यात सर्वांत घातक तुच्छता. आपल्याकडे तिचं रूप ओळखायला शिका: माहेर काढणं. ‘तुझ्या बापानं शिकवलं न्हाई’, ‘तुमच्या घराण्यातच नाही ते’. हे शब्द आले की मी लगेच हात वर करते. एरवी मी सौम्य असते, इथे नाही. गॉटमन यांचाच आणखी एक निष्कर्ष जोडप्यांना सांगायला उपयोगी पडतो: जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचे सुटत नाहीत, सुखी जोडप्यांचेही नाहीत. हे ऐकून अनेकांचे खांदे सैल पडतात.

तटस्थ म्हणजे काय

‘दोघांचं थोडं थोडं चुकतं’ हे वाक्य टाळा. ते बहुतेकदा खोटं असतं. एक जण कमावतो, घर त्याच्या नावावर आहे, ती दुसऱ्या राज्यातून आलेली, तिला इथल्या कचेरीतला कागद वाचता येत नाही. अशा दोघांना ‘समान’ धरणं म्हणजे वजनदाराच्या पारड्यात बसणं. ही विषमता नाव घेऊन बोला, पण नात्यात ती काय करते ते दाखवत: “घर त्यांच्या नावावर असल्यामुळे भांडणात तुम्ही कुठे थांबता?” आणि त्याला: “त्या तिथे थांबतात हे तुम्हाला ठाऊक होतं?” रहाटाची जबाबदारी दोघांची असते. अन्यायाची नसते.

फौजींच्या घरांबद्दल थोडं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे आणि भोवतालच्या गावांतून भरतीची परंपरा जुनी आहे. वर्षाचे बरेच महिने घर, बँक, शाळा, शेत बायको चालवते, आणि सुटीवर आलेला नवरा पहिल्याच दिवशी हुकूम देऊ लागतो. इथे भांडण प्रेमाच्या अभावाचं नसतं, घराची किल्ली कुणाकडे याचं असतं. सुटीच्या पहिल्या चार दिवसांत तो पाहुणा आणि ती यजमान असं ठरवून पाहायला सांगा. त्याच्या सुटीचे दिवस मोजून घाईघाईने भेटी उरकू नका. मी केलं होतं, आणि तो म्हणाला, “इथेही परेडच.”

घरचा अभ्यास

‘दोघं हॉटेलात जेवायला जा’ हे एकत्र कुटुंबात सांगू नका, दोघं बाहेर पडण्यावरूनच नवं भांडण होईल. छोटं काहीतरी द्या: भाजी आणायला दोघांनी जाणं, जेवणानंतर गच्चीवर दहा मिनिटं, विडी वळताना तो पानं कापून देतो तेवढा वेळ. त्या वेळात पोरं, पैसा आणि सासू हे विषय बंद.

तुमची स्वतःची व्यवस्था

प्रत्येक भेटीनंतर त्याच रात्री एका ओळीत लिहा: आज माझं मन कुणाकडे झुकलं? सलग तीन भेटी एकच नाव आलं तर तुमच्या मार्गदर्शकाशी बोला. मार्गदर्शक नसेल तर शोधा, दूरच्या शहरातला ऑनलाइन चालेल. गावात सगळे एकमेकांच्या ओळखीतले, म्हणून ओळखीच्या सहकाऱ्याशी बोलताना नाव न घेताही जोडपं ओळखू येतं. गल्ली, धंदा, मुलांची संख्या, हे तपशील बदलूनच बोला.

थांबणं

कधी थांबायचं हे मी एका गोष्टीवरून ठरवते. दोघांना त्यांचं रहाटगाडगं सांगायला लावते, पण अदलाबदल करून. तिने त्याची बाजू ‘मी’ म्हणून सांगायची, त्याने तिची. बरोबर सांगता आली, आणि ऐकणाऱ्याने ‘व्हय, असंच’ म्हटलं, की भेटी पंधरा दिवसांवरून महिन्यावर न्यायच्या, मग बंद.

शेवटच्या भेटीत पुढची एक तारीख मात्र ठरवून टाका, तीन-चार महिन्यांनंतरची. ती यात्रेच्या, लग्नसराईच्या किंवा दिवाळीच्या आधी येऊ द्या, कारण सगळे सोयरे एका छपराखाली जमतात तेव्हा जुनं रहाट पुन्हा फिरू लागतं. घरच्या नंबरवर आठवणीचा फोन करू नका, तो कुणीही उचलेल. तारीख दोघांच्याही मोबाईलमध्ये तुमच्यासमोर टाकून घ्या.